नव्वदची

ती सेलूत आली तेव्हा तिच्याजवळ कागदपत्रं नव्हती. कव्हर नाही, फोटो नाही, कोण काय वाजवतंय याचा पत्ता नाही. राखाडी अंग, मधोमध खिडकी, खिडकीतून दिसणारी तपकिरी फीत. पाठीवर बॉलपेननं एका बाजूला ‘माइल्स’ आणि दुसऱ्या बाजूला ‘कोल्ट्रेन’ एवढंच. १९८०च्या दशकातली ही गोष्ट. आमच्या गावावरून तेव्हा मीटरगेज गाडी जायची, मुंबईहून येणाऱ्याला मनमाडला उतरून गाडी बदलावी लागायची. बँकेत बदलून आलेल्या साहेबांच्या शबनममधून ती तशीच उतरली आणि परत गेली नाही.

टीडीकेची नव्वद मिनिटांची कॅसेट. आम्ही तिला ‘नव्वदची’ म्हणायचो. साठची तेव्हा घरोघर होती. बाजारात भजनांच्या, नाट्यगीतांच्या, सिनेमाच्या तयार कॅसेटी मिळायच्या. नव्वदची मात्र भरून घेणाऱ्यांची. तिच्या एका बाजूत एक पूर्ण लाँग प्ले मावते आणि दोन बाजूंत दोन, हा तिचा मोठा गुण. त्यासाठी तिनं अंग बारीक केलेलं असतं. साठच्या कॅसेटीतली फीत जाड, हिची पातळ, कारण तेवढ्याच डबीत हिला सुमारे १३० मीटर फीत गुंडाळायची असते. ती फीत ३.८१ मिलिमीटर रुंद आणि सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या चालीनं सरकणारी. फिलिप्स कंपनीनं १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात कॅसेट पहिल्यांदा मांडली तेव्हा तिच्याकडून फार तर पत्रं सांगून घेणं, बोलणं नोंदवणं एवढीच अपेक्षा होती. संगीत तिच्यावर पुढं सोपवलं गेलं, आणि तिनं ते झेपवलं.

पातळ अंगाची म्हणून तिच्या काही खोडी होत्या. फार दिवस न वाजवता ठेवली की एका वेढ्याचा आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटायचा. ट्रम्पेट सुरू व्हायच्या क्षणभर आधी त्याच ट्रम्पेटची पुसट सावली ऐकू यायची. टेपरेकॉर्डरचं हेड जरा सरकलेलं असलं तर माइल्स थांबल्यावर शांततेत कोल्ट्रेन उलटा वाजताना कानावर पडायचा, फार खोलवरून. नव्या माणसाला वाटायचं, टेप बिघडला. जुन्यांना त्यावरून कळायचं की स्पिरिट आणि कापूस काढायची वेळ झाली.

साहेब मूळचे गोव्याचे, वाढलेले मुंबईत. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत गोव्याच्या वादकांनी केवढं काम केलं, हे आम्हाला त्यांनीच सांगितलं. सेलूच्या माणसानं जाझ ऐकलेलंच नाही असं म्हणण्यात अर्थ नव्हता. ‘अलबेला’ इथंही सगळ्यांना पाठ होता. १९५१चा तो सिनेमा. संगीतकार सी. रामचंद्र आपल्याच मुलखातले, पुणतांब्याचे. पडद्यावर ट्रम्पेट धरून उभा असलेला चिक चॉकलेट म्हणजे आल्दोन्याचा अँटोनियो झेवियर वाझ. त्याचा ट्रम्पेट आमच्या लग्नांतल्या बँडनं वर्षानुवर्षं वाजवला, फक्त त्याचं नाव आमच्यापर्यंत पोचलं नव्हतं. साहेबांनी १९७८ सालची पहिली ‘जाझ यात्रा’ मुंबईत रंगभवनच्या उघड्यावर बसून ऐकलेली. तिथं सनी रॉलिन्स वाजवून गेला. हाच रॉलिन्स त्याच्या दहाएक वर्षं आधी सॅक्सोफोन बाजूला ठेवून पवईच्या आश्रमात राहिला होता. हे सांगताना साहेबांचा आवाज हलायचा. जगातला इतका मोठा वादक आपल्या गावाच्या टोकाला येऊन गप्प बसून राहिला, या गोष्टीचं त्यांना फार होतं.

साहेबांनीच तिच्या डबीत एक घडीचा कागद घातला. वर एकच शब्द लिहिला: ‘सध्या’. कॅसेट घरी न्यायची, हवी तितकी ऐकायची आणि परत देताना त्या कागदावर आपण सध्या काय ऐकतोय ते लिहायचं. रेकॉर्डचं नाव, आणि त्यात स्वतःच्या कानाला सापडलेली एक गोष्ट. ‘अप्रतिम’, ‘वा’, ‘काय सांगावं’ असले शब्द बाद. हे शब्द खोडायला साहेब लाल पेन वापरायचे. तिच्यामागं लागलेले आम्ही मोजकेच होतो. शाळेतले संगीताचे सर, एक बँडमास्तर, कापसाचा एक ग्रेडर, एक डॉक्टर, आणि सरांचा विद्यार्थी म्हणून मी. जाझचे म्हणावेत असे रसिक यातले साहेब आणि डॉक्टर दोघंच. बाकीच्यांना रसिक हिनंच केलं.

माइल्स म्हणजे माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’. न्यूयॉर्कमध्ये एका जुन्या चर्चच्या इमारतीत कोलंबिया कंपनीचा स्टुडिओ होता, तिथं १९५९ सालच्या २ मार्चला आणि २२ एप्रिलला ही ध्वनिमुद्रित झाली. पाच रचना, सगळ्या मिळून पंचेचाळीस मिनिटांच्या जरा पुढं. कॅसेटवाले छापतात त्यापेक्षा थोडी फीत जास्त गुंडाळतात म्हणून शेवटचा पियानो वाचला, नाहीतर तो फितीबाहेरच राहिला असता.

सर किराण्याच्या गायकीत मुरलेले. त्यांच्या वाड्याच्या ढाळजेत पहिल्यांदा ती वाजली तेव्हा सरांनी पहिली रचना, ‘सो व्हॉट’, संपेपर्यंत मान हलवली नाही. मग म्हणाले, “हा काफी थाट आहे. गंधार, निषाद कोमल, बाकी शुद्ध. मधे आठ आवर्तनं सगळंच्या सगळं अर्ध्या सुरानं वर उचललं आणि परत खाली आणून ठेवलं. पण दर मात्रेला सूर बदलायची घाई नाही याला. बसलाय एका जागी.” जाझच्या पुस्तकांत या रेकॉर्डविषयी जे सांगतात ते हेच. त्याआधीच्या जाझमध्ये स्वरसंगती भराभर बदलायच्या आणि वादकाला त्यांच्यामागं पळावं लागायचं. माइल्सनं वादकांपुढं एकेक स्वरमालिका ठेवली आणि तिच्यातच फिरा म्हणून सांगितलं. सरांनी ते पुस्तक वाचलेलं नव्हतं. त्यांच्याजवळ पेटी होती.

त्या पेटीनंच पुढचा घोळ घातला. दुसऱ्या दिवशी सर पेटी घेऊन बसले. ‘सो व्हॉट’ पांढरी दोनमध्ये आहे हे त्यांना लगेच लागलं, पण पांढरी दोन दाबून धरली की टेपमधला सूर तिच्यावर बसेना. किंचित वर राहायचा. दोन सुरांत ती बारीक थरथर उठायची, जी तंबोरा लावताना जवारीच्या आधी ऐकू येते. “टेपची मोटर पळतेय,” ग्रेडर म्हणाले. सरांनी हात वर केला आणि पुढं वाजू दिलं. दुसरी रचना, तीही चढी. तिसरीही चढीच. चौथी ‘ऑल ब्लूज’ लागली, सरांनी पांढरी पाच दाबली, आणि सूर सुरात जाऊन बसला. थरथर गेली. शेवटची रचनाही जुळली.

“मोटर पळत असती तर सगळंच चढलं असतं. तीनच कशा चढल्या?” सर म्हणाले.

मग मोटर बदलून पाहिली, म्हणजे डॉक्टरांचा टेप आणला. तसंच. गावातल्या आणखी एका टू-इन-वनवर लावलं. तसंच. तीन रचना चढ्या आणि दोन नीट. शेवटी सरांनी ‘सध्या’च्या कागदावर लिहिलं: ‘दोष आपल्याकडचा नाही. जिथं वाजवलं तिथंच काहीतरी झालंय. पहिल्या तीन एका दिवशीच्या असाव्यात, नंतरच्या दोन दुसऱ्या.’ साहेबांनी त्याखाली लाल पेन चालवलं नाही.

त्याचं उत्तर १९९०च्या दशकात मिळालं. कंपनीनं ही रेकॉर्ड सीडीवर नव्यानं काढली तेव्हा उघड झालं की २ मार्चच्या दिवशी मूळ फितीचं मशीन जरा मंद चालत होतं. मंद चालीवर नोंदलेलं नेहमीच्या चालीवर वाजवलं की सूर चढतो. त्या दिवशी शेजारी दुसरं एक मशीन राखीव म्हणून चालू होतं, त्याची चाल बरोबर होती. नव्या आवृत्तीत ती फीत वापरली. म्हणजे तीस वर्षांहून जास्त काळ जगभर विकल्या गेलेल्या प्रतींत पहिली बाजू चढी होती. आमच्या ढाळजेत एका पेटीनं ते कधीच पकडलं होतं. डॉक्टरांनी ती माहिती मुंबईहून आणली, सरांपुढं ठेवली. सर म्हणाले, “मग आता नीट केलेली आणा.” त्यांना शाबासकी नको होती, बरोबर सूर हवा होता.

मला वाटतं, तिच्याजवळ कागदपत्रं असती तर हे घडलं नसतं. कव्हर वाचून ऐकणारा माणूस कव्हरावर जे लिहिलंय ते ऐकतो. हिनं आमच्यापुढं नुसता आवाज ठेवला आणि बाकी सगळं शोधायला लावलं.

बँडमास्तरांची गोष्ट याहून लहान आहे, पण मला ती जास्त आवडते. मे महिन्यातल्या सुपाऱ्या आटोपून ते आले होते, ओठ सुजलेले. तिसरी रचना, ‘ब्लू इन ग्रीन’, लागली. बँडमास्तर उठून टेपजवळ जाऊन उकिडवे बसले. “दादा, यानं तोंडात काहीतरी खुपसलंय.” कुणाच्या तोंडात, मी विचारलं. “कर्ण्याच्या तोंडात हो. पत्र्याची वाटी. फुंक बाहेर पडू देईना. आन् माइकच्या पार नाकाशी जाऊन वाजवतोय.” माइल्स ट्रम्पेटच्या तोंडाला पत्र्याचा म्यूट लावायचा आणि त्याच्या मधली नळी काढून ठेवायचा, माइक अगदी जवळ घ्यायचा, त्याच्या सगळ्या चरित्रांत हे असतं. बँडमास्तरांनी कागदावर सहीसारखं अक्षर काढत लिहिलं: ‘सध्या: हीच. हा माणूस मोकळ्या मैदानासाठी वाजवत नाही.’ वऱ्हाडापुढं चालत, जनरेटरच्या आवाजावर मात करत जन्म गेलेल्या वादकानं लिहिलेलं हे वाक्य. माइल्सवर मी जे काही वाचलं त्यात यापेक्षा नेमकं क्वचितच सापडलं.

सेलूचा उन्हाळा तिला सोसायचा नाही. फीत सैल पडायची, दाबाच्या नमद्याखालून तिरकी सरकायची आणि एखाद्या दुपारी टेप तिला गिळायचा. मग खिडकीतून फीत हळूच सोडवणं, बोटाच्या नखानं चुरगळ सपाट करणं, पेन्सिलीनं फिरवून आत घेणं. ‘फ्रेडी फ्रीलोडर’मध्ये अशी एक चुरगळ कायमची राहिली. तिथं पियानोचे दोन-तीन स्वर बुडाल्यासारखे होतात. म्हणून एप्रिल-मेमध्ये ती सरांच्या वाड्यातल्या देवळीत असायची. मातीच्या जाड भिंतीत गारवा असतो. लाइट गेली की सेलवर वाजायची, आणि सेल उतरू लागले की सगळा चमू एकदम खाली यायला लागायचा, ट्रम्पेटचा खर्ज व्हायचा. सर तेव्हा टेप बंद करायला लावायचे. उतरलेला सूर ऐकून कान बिघडतो, असं त्यांचं ठाम मत होतं आणि ते मला आजही पटतं.

दुसऱ्या बाजूला जॉन कोल्ट्रेनची ‘अ लव्ह सुप्रीम’. ९ डिसेंबर १९६४ला न्यू जर्सीत एका दिवसात ध्वनिमुद्रित केलेली, चार भागांची. ही बाजू आम्हाला कठीण गेली. पहिल्या भागात कोल्ट्रेन चार सुरांचा एक छोटा तुकडा धरतो आणि तो बाराही सुरांवरून फिरवून आणतो, मग तेच चार सूर तोंडानं म्हणायला लागतो. सरांना ते पटलं, पण फार हललं नाही. ग्रेडरांना ढोल आवडले, म्हणजे एल्विन जोन्सचं ड्रमवादन. चौथा भाग, ‘साम’, मात्र कुणालाच लागेना. ताल नाही, मोजायला काही नाही, सॅक्सोफोन नुसता चढतो, थांबतो, उतरतो.

सरांच्या आई आतल्या खोलीत निवडत बसलेल्या असायच्या. रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणणाऱ्या, टेपकडं कधी लक्ष न देणाऱ्या. एकदा चौथा भाग चालू असताना त्या दारात आल्या. “हे वाजवत नाही रे. म्हणतंय हे. एकेक ओळ म्हणतंय आन् शेवटाला तोच शब्द परत येतोय. ऐक की.” सरांनी मागं घेऊन लावलं. आम्ही ऐकलं. खरोखर ओळी होत्या. प्रत्येक ओळीच्या शेवटी आवाज एका ठरावीक जागी येऊन टेकत होता.

लाँग प्लेच्या कव्हराच्या आत कोल्ट्रेननं स्वतः लिहिलेली एक प्रार्थना छापलेली आहे. चौथ्या भागात तो सॅक्सोफोनवर तीच प्रार्थना अक्षराला अक्षर लावून वाजवतो, हे पुढं अभ्यासकांनी सिद्ध करून दाखवलं. आमच्याजवळ ते कव्हर नव्हतं. आईंनी ‘सध्या’च्या कागदावर काही लिहिलं नाही, त्यांना लिहायला सांगायचं सुचलंही नाही कुणाला. ते सरांनी त्यांच्या वतीनं लिहायला हवं होतं असं मला फार वाटतं.

ती बाजू साधारण तेहतीस मिनिटांत संपते. उरलेली बारा-तेरा मिनिटं कोरी होती, आणि कोरी फीत गावात कुणाला बघवत नाही. वरचा प्लास्टिकचा दात साहेबांनी मुद्दाम मोडून ठेवलेला, कुणी पुसून टाकू नये म्हणून. ते भोक सेलोटेपनं बुजवून डॉक्टरांनी त्या जागी रेडिओवरचा एक दादरा भरला, तो मधेच तुटला. मग सरांनी तो पुसला आणि स्वतः पेटीवर काफी वाजवून भरला. नेहमीचा काफी नाही. आठ आवर्तनं अर्ध्या सुरानं वर उचलून परत खाली आणलेला काफी. माइल्सला दिलेलं उत्तर होतं ते. मागं ढाळजेसमोरून जाणारी बैलगाडी आणि कुणीतरी ओरडून विचारलेलं “सर हायेत का?” हेही त्यात आलंय. मी अनेक नामांकित पेटीवादक ऐकलेत. माझ्या संग्रहात ही बारा मिनिटं सगळ्यात वर आहेत.

‘सध्या’चा कागद भरला, दुसरा जोडला, मग तिसरा. त्या एका डबीच्या आधारानं दुसऱ्या कॅसेटी गावात येऊ लागल्या. डॉक्टरांनी डेव्ह ब्रुबेकची ‘टाइम आउट’ लिहिली तेव्हा शाळेतली पोरं ‘टेक फाइव्ह’वर पाच मात्रा मोजत हिंडली, तीन आणि दोन, म्हणजे अर्धा झपताल उलटा धरलेला. याच ब्रुबेकनं १९५८ साली मुंबईत अब्दुल हलीम जाफर खाँसाहेबांच्या सतारीबरोबर बसून वाजवलं होतं. त्याच दौऱ्यात इस्तंबूलच्या रस्त्यावर ऐकलेल्या नऊ मात्रांतून त्याची दुसरी एक रचना निघाली. साहेबांनी बदली होऊन जायच्या आधी लिहिलं ते ‘हम दोनों’चं नाव. ती सिनेमाची नव्हे, मुंबईत जन्मलेला गिटारवादक अमान्सिओ डिसिल्वा आणि जमैकाचा सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांनी १९६९ साली लंडनमध्ये केलेली. आणि ग्रेडरांनी, ज्यांना आम्ही फक्त ढोलाचे शौकीन समजत होतो, एक दिवस त्रिलोक गुर्टूची १९८८ची ‘उस्फ्रेत’ लिहिली. कानाला सापडलेली गोष्ट: ‘यात ट्रम्पेटवाला डॉन चेरी आहे आणि गाणाऱ्या बाई शोभाताई आहेत. मुलानं आईला मधे बसवलंय, आणि आईनं आपली ठुमरीची चाल जराही सोडलेली नाही.’ बेळगावात जन्मलेल्या शोभा गुर्टू जाझच्या रेकॉर्डवर, ही बातमी सरांनी कागदावरून मोठ्यानं वाचली आणि लगेच ग्रेडरांच्या घरी चालत निघाले. चप्पल घालायलाही थांबले नाहीत.

साहेब आता नाहीत, बँडमास्तरही. मुंबईत काळा घोड्यावरचं ‘रिदम हाउस’, जिथून डॉक्टर रेकॉर्डी न्याहाळून यायचे, २०१६ साली बंद झालं. नव्वदची मात्र अजून वाजते. दाबाचा नमदा गळून पडला होता, तो दुसऱ्या कॅसेटीतला काढून बसवला. आवाजातली वरची कड गेलीय, झांज आता फुसफुसते. पण मधला सूर शाबूत आहे.

गेल्या वर्षी बँडमास्तरांच्या नातवानं तिला संगणकात उतरवून घेतलं. तो संभाजीनगरला ध्वनिमुद्रणाचं काम शिकतो. दोन्ही बाजू, पेटीसकट. उतरवल्यावर त्यानं सांगितलं की पहिल्या तीन रचनांची चाल थोडी कमी केली की सूर जागेवर येतील, एका मिनिटाचं काम आहे. मी म्हणालो, राहू दे. त्या चढ्या सुरावर आमचे कान तयार झाले, बैलगाडी ठेवलीस तसं हेही ठेव.

सर खाटेवर बसून ऐकत होते. नव्वदीकडं झुकलेत, पेटी आता मांडीवर घेववत नाही.

“ठेव कशाला?” ते म्हणाले. “बैलगाडी खरी होती. हा सूर मशीननं चढवलाय, माइल्सनं नाही. त्यानं नीट वाजवलं होतं. उतरव.”

पोरानं उतरवला. सरांनी पेटी जवळ ओढायला सांगितली, पोरानं भाता हलवला आणि सरांनी पांढरी दोन दाबून धरली. मग त्याच्याकडं वळून विचारलं, “तू सध्या काय ऐकतोस? लिहून दे. आणि काय सापडलं तेही लिही.”